हौद्यातल्या कड्या

अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलावर गाड्यांची कोंडी झाली होती, आणि त्या कोंडीतून वाट काढत एक म्हातारी सरळ अंकुरच्या पिकअपकडे येत होती. त्याला आधी वाटलं, हिलाही फोटो काढायचा असेल. जुन्या शहरातल्या नबीचाचांच्या टिनाच्या शेडमधून गाडी बाहेर निघाल्यापासून हेच चाललं होतं. ऑटोवाले मान बाहेर काढून बघत होते, कॉलेजची पोरं मोटारसायकल शेजारी घेऊन मोबाइल उगारत होती, एका पोलिसानं तर शिट्टी तोंडात तशीच ठेवून बॉनेटवरून हात फिरवला होता. आणि अंकुर स्टिअरिंगवर एक हात टाकून, या सगळ्याचं आपल्याला काहीच नाही असा चेहरा करून बसला होता. या चेहऱ्याचा त्यानं आरशासमोर सराव केला होता, पण ते कोणाला कळायचं कारण नव्हतं. साठ सालच्या आसपासची विलीज पिकअप, अंगावर मोरपंखी रंग, कमरेला पिवळसर पांढरा पट्टा, हौद्यात पॉलिश केलेल्या नव्या फळ्या. अठरा वर्षांच्या पोरानं सुट्ट्या जाळून उभी केलेली. पण म्हातारीच्या हातात मोबाइल नव्हता. ती गाडीच्या मागं गेली, फाळक्यावर तळवा ठेवला, डोक्यावरची ओढणी पुढं ओढली आणि मान खाली घालून उभी राहिली. रस्त्यानं कोणाची मयत चालली की चालता माणूस जागच्या जागी थांबतो, तशी. अंकुरनं ते आरशात पाहिलं. मग ती भिंतीला धरून चालावं तशी गाडीच्या कडेला हात लावत लावत पुढं आली आणि त्याच्या खिडकीशी थांबली.

“बेटा, हे नत्थूभाऊची गाडी व्हय ना?”

नत्थूजी, म्हणजे अंकुरचे आबाजी, त्याच्या शेजारच्याच सीटवर बसले होते. नवी पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी, नजर समोरच्या कापसानं फुगलेल्या ट्रकवर. म्हातारीचे डोळे पांढुरके झाले होते. तिला पलीकडचं कोणी दिसत नव्हतं हे उघडच होतं.

“नाही आजी,” अंकुर म्हणाला. “ही आम्ही नागपूरहून विकत घेतली.”

“असं का.” ती खिडकीवर हात तसाच ठेवून थोडा वेळ ऐकत राहिली. “मले आवाजावरून वाटलं, बेटा. डोये तं गेले माहे. नत्थूभाऊची गाडी अशीच बोले.” मग ती हात काढून घेत म्हणाली, “त्याची काही इतकी गुळगुळीत नव्हती म्हना. माफ कर.”

पुढचा ट्रक हलला, मागच्यांनी हॉर्नचा कल्ला केला, आणि अंकुरनं गिअर टाकला. क्लच दोनदा दाबावा लागतो या गाडीला. तो एकदाच दाबला गेला आणि गिअरबॉक्स दात खाल्ल्यासारखी वाजली. आबाजी काही बोलतील म्हणून तो थांबला. एरवी त्यांना गिअरचा असा आवाज सहन होत नसे. आज त्यांनी फक्त मांडीवरची पिशवी जरा वर ओढून घेतली आणि पुलाच्या कठड्याकडे पाहिलं. पूल संपला, गाव मागं पडायला लागलं.

खरं सांगायचं तर त्याला लगेच लाज वाटली नाही. आधी त्याला सुटल्यासारखंच वाटलं. वेळेवर सुचलं, असं त्यानं मनातल्या मनात स्वतःला म्हटलंसुद्धा. वाक्यही काय साफसूफ निघालं होतं, बाबांच्या घरच्या मराठीतलं, ‘नाही’मधला प्रत्येक स्वर जागच्या जागी. त्याच्या बाबांनी, गजेंद्र सरांनी, अमरावतीला बदली घेतल्यापासून घरात वऱ्हाडी बोली बंद केली होती. ‘मले’ म्हटलं की जेवता जेवता टोकत. अंकुर मित्रांत काहीही बोलो, अडचणीच्या वेळी त्याच्या तोंडून तीच धुतलेली भाषा यायची. गाडी चार पदरी रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना तूर पिवळी झाली होती, रस्त्याच्या कडेच्या बाभळींना ट्रकांतून उडालेला कापूस अडकला होता. आणि मग बोरगाव मंजूच्या आसपास कुठंतरी त्याच्या ध्यानात आलं की आपण हे खोटं त्या म्हातारीला सांगितलेलं नाही. ती ऐकून निघून गेली. ज्यानं ते पूर्ण ऐकलं तो माणूस गाडीतच होता, हातभर अंतरावर, आणि त्याच्याबरोबर अजून अमरावतीपर्यंत जायचं होतं. त्याचे कान तापले. त्यानं खिडकीची काच खाली केली. आबाजींना वारं लागेल म्हणून पुन्हा वर केली. त्यांच्याकडे बघायचं मात्र त्याला जमेना.

त्यातच कॅबमध्ये कुठंतरी वाजायला लागलं. खण्ण. थोडं थांबून पुन्हा, खण्ण. रस्त्याला सांधा आला की हटकून. अंकुरला तेवढंच निमित्त पुरलं. मन दुसरीकडे वळवायला नट ढिला असल्याइतकं चांगलं काही नाही. दाराची बिजागरी असेल, त्यानं गुडघा दाराला टेकवून पाहिलं. डॅशबोर्डवर तळवा दाबून धरला. गाडीत एकसुद्धा आवाज राहणार नाही असं तो नबीचाचांना छातीठोकपणे म्हणाला होता. नबीचाचा टिनकाम करणारा माणूस, तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा, ते हसले होते. बिना आवाज की गाडी तो फोटो में रहती, असं काहीतरी म्हणाले होते.

फोटोतूनच तर सगळं सुरू झालं होतं. बारावीनंतरच्या रिकाम्या उन्हाळ्यात तो तासन् तास ते व्हिडिओ बघायचा. अमेरिकेतली त्याच्याच वयाची पोरं, आजोबांच्या गोठ्यातून गंजलेली पिकअप ओढून बाहेर काढतात, घासतात, रंगवतात, आणि शेवटी आजोबांच्या डोळ्यांवर हात ठेवून त्यांना अंगणात आणतात. हात बाजूला होतो, आजोबा गाडी बघतात आणि रडतात. प्रत्येक व्हिडिओचा शेवट तोच, तरी तो दर वेळी शेवटपर्यंत बघायचा. आपल्याकडेही आजोबा आहेत, आजोबांची पिकअप अकोल्याला कोणाच्या तरी शेडमध्ये पडून आहे, एवढं त्याला ठाऊक होतं. ती तिथं का पडून आहे, आणि आजी रुख्मिणी गेल्यावर आबाजी अमरावतीला राहायला आले तेव्हा ती विकून का टाकली नाही, हे घरात कोणी बोलत नसे. गाडीचा विषय निघाला की बाबा उठून पाणी प्यायला जायचे. तहान नसली तरी जायचे.

नबीचाचांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. त्यांना काय, त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. गाडी मयतीची होती. आबाजींनी ती घेतली होती बार्शीटाकळीच्या शेतातली वांगी नि संत्री अकोल्याच्या बाजारात न्यायला. एकदा शेजारचा माणूस दवाखान्यात वारला, प्रेत गावी न्यायला कोणी गाडी देईना, तर आबाजींनी वांग्यांच्या टोपल्या उतरवल्या आणि त्याला घातला हौद्यात. झालं. दुसऱ्या दिवशी बाजारात अडत्यानं त्यांचा माल उतरवून घेतला नाही. मढं वाहिलेल्या गाडीतली वांगी कोण खाणार? आबाजींनी गाडी धुतली, गोमूत्र शिंपडलं, कडुलिंबाचे डहाळे बांधले. तरी नाही. माल पुन्हा बैलगाडीवर आला. आणि गाडी मात्र लोकांच्या दारात जायला लागली, कारण कोणाच्या तरी घरी रोजच कोणीतरी जातं. मग ती तेवढ्याचसाठी राहिली. कोणाचंही प्रेत असो, कोणत्याही जातीचं, कोणत्याही गावचं. लोक पेट्रोल टाकायचे, त्यापलीकडे आबाजी काही घ्यायचे नाहीत. निघायच्या आधी ते फाळका लावायचे, त्यावर दोन थापा मारायचे आणि आत निजलेल्याला म्हणायचे, “चाला बाप्पा, घरी जाऊ.” वाटेत हॉर्न वाजवायचे नाहीत. आणि प्रेत गचके खाऊन हलू नये म्हणून त्यांनी नबीचाचांकडून हौद्याला चार कोपऱ्यांत चार लोखंडी कड्या बसवून घेतल्या होत्या. दोर ओढून ओढून त्या कड्या आतून झिजल्या होत्या, हातातली बांगडी झिजते तशा.

अंकुरनं हे ऐकलं तेव्हा त्याच्या हातात पॉलिश पेपर होता. ज्या पत्र्यावर तो सकाळपासून वाकून बसला होता त्यावरून त्यानं हात काढून घेतला. लगेच पुन्हा ठेवला, पण नबीचाचांनी पाहायचं ते पाहिलं असणार. त्या दिवशी त्यानं शेडमध्ये डबा खाल्ला नाही, भूक नाही म्हणाला. पुढं या आठवणीनं त्याला जितकं खायला हवं होतं तितकं खाल्लं, पण त्या वेळी तो फक्त विचार करत होता की गाडीचं रील टाकू तेव्हा त्यात हे सांगायचं की नाही. आणि नाहीच सांगायचं, हे ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही.

घरी बाबा पहिल्यांदा मोकळं बोलले ते तेव्हा. आवाज न चढवता, पेपर तपासता तपासता. शाळेत त्यांना मढेवाल्याचा पोरगा म्हणायचे. बाकावर शेजारी बसलेला मुलगा बाक सोडून उठायचा. गाडी दारात उभी असली की पाहुणे दोन घरं आधीच थांबायचे. दसऱ्याला सगळ्या गल्लीतल्या गाड्यांना झेंडूचे हार, आणि आबाजी एकटेच आपल्या गाडीला हार घालून उभे. हे सांगताना बाबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, कर तू गाडी, चांगलं काम आहे, फक्त दामिनीच्या सासरी हे कळता कामा नये. दामिनी अंकुरची मोठी बहीण. तिनं गाडीचे फोटो पाहिले होते आणि लग्नात मंडपापर्यंत याच गाडीच्या हौद्यात बसून यायचं, असा हट्ट धरला होता. नवरीची एंट्री. तिच्या मैत्रिणींपैकी कोणी बुलेटवर आली होती, कोणी बग्गीत. अशी गाडी कोणाकडे नव्हती. दामिनीला गाडीचा पूर्वेतिहास कोणी सांगितला नाही. आबाजींना बाबांनीच बाजूला घेऊन समजावलं. आबाजी म्हणाले, “मी कायले बोलतो बाप्पा.”

खण्ण. रस्त्याच्या सांध्यावरून गाडी गेली. आवाज डावीकडून येत होता, एवढं आता नक्की झालं होतं. डाव्या दाराची कडी? कडी हा शब्द मनात आला आणि अंकुरनं पाय ॲक्सिलरेटरवर थोडा जास्तच दाबला.

कड्या त्यानंच कापल्या होत्या. बाबांनी सांगितलं नव्हतं, नबीचाचा तर नको म्हणत होते, राहू दे, कुणाला कळतंय. आबाजी त्या दिवशी मुद्दाम एसटीनं अकोल्याला आले होते, शेडच्या दारात पाटावर बसून बशीतून चहा पीत होते. अंकुरनं ग्राइंडर लावला. ठिणग्या आबाजींच्या पायांपर्यंत येत होत्या. ते पाय मागं घेत नव्हते.

“काहून कापतो?” त्यांनी विचारलं. रागानं नाही, नुसतं विचारलं.

“आबाजी, ओरिजिनल गाडीला कड्या नसतात,” अंकुर म्हणाला.

हे खरंच होतं. कंपनीतून गाडी निघाली तेव्हा तिला कड्या नव्हत्या. त्यानं फोटो पाहिले होते, मोबाइल काढून त्यांना दाखवलेही. आबाजींनी मोबाइल दूर धरून फोटो पाहिला, असं असं, म्हणाले, आणि बशी दुसऱ्या हातात घेतली. गाडी जशी होती तशी करायची म्हणजे आबाजींच्या हातात यायच्या आधी होती तशी करायची, हे त्याला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्यानं कापल्याच असत्या. तोच तर सोयीचा भाग होता. नंतर गाडी पुरी झाली तेव्हा त्यानं मोबाइल स्टँडवर लावला, आबाजींच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि त्यांना शेडबाहेर आणलं. हात काढला. आबाजी रडले नाहीत. ते गाडीभोवती सावकाश फिरले, हौद्याच्या कोपऱ्यात बोटांनी चाचपून पाहिलं, जिथं कडी होती तिथं बोट जरा थांबलं, आणि म्हणाले, “चांगली दिसते.” अंकुरनं तो व्हिडिओ खोडून टाकला. का, तर त्यात शेवट नव्हता.

मूर्तिजापूरच्या बायपासला चहाच्या टपरीपाशी त्यानं गाडी कडेला घेतली. पाना काढला, डावं दार उघडलं, बिजागरीचे नट आवळले, सीटखाली हात घालून पाहिलं, फूटबोर्डवर ठोकून पाहिलं. आबाजी उतरून उभे होते. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि तेव्हा तो आवाज आला. दार उघडं, इंजिन बंद, गाडी जागच्या जागी, आणि आवाज पिशवीतून. अंकुर वाकलेला तसाच राहिला.

“मीच वाजवून राहिलो का रे?” आबाजी म्हणाले. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, जणू त्यांनाही आत्ताच कळलं. आत चार कड्या होत्या. शेडच्या भंगारातून त्यांनी कधी उचलल्या, कोण जाणे. “मले वाटलं, पडल्या हायेत तं राहू द्या.” मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, कड्या एकेक करून त्यात गुंडाळल्या, गाठ मारली, आणि गाठोडं पिशवीत ठेवून पिशवी हलवून पाहिली. आवाज आला नाही. “आता नाई येत,” ते म्हणाले. अंकुरला वाटलं, हातातला पाना आपल्याच डोक्यात घालावा. पण तो म्हणाला, चहा घेता का आबाजी, आणि टपरीकडे चालायला लागला.

चहा पिताना आबाजी आपणहून बोलले. पुलावरची ती रहिमाबी होती, ते म्हणाले. अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तिचा मालक म्हणजे नवरा वरून पडला आणि जागीच गेला. मे महिना, बाहेर आगीसारखी लू. आबाजींनी त्याला अकोटहून अकोल्याला आणला तो ओल्या बारदानात गुंडाळून. दर हातपंपाला गाडी थांबवायची, बारदान भिजवायचं, पुन्हा निघायचं. रहिमाबी हौद्यातच बसली होती, खाली, त्याच्या उशाशी. तिला पुढं बसवायला पाहिलं तर येईना. “रस्ताभर तिनं कडी धरली होती,” आबाजी म्हणाले. “एका हातानं त्याले आन् एका हातानं कडी.” एवढं सांगून त्यांनी कप टपरीच्या फळीवर ठेवला. तुम्ही तिला ओळखलं होतं? अंकुरनं विचारलं. ओळखीन नाई तं काय, ते म्हणाले. मग बोलला का नाहीत, हे त्यानं विचारलं नाही. ते का बोलले नाहीत ते त्याला पक्कं ठाऊक होतं. नातवानं तोंडातून शब्द काढला होता. तो खाली पडू द्यायचा नव्हता, म्हणून.

मूर्तिजापूरपासून बडनेऱ्यापर्यंत गाडीत कसलाही आवाज नव्हता. इंजिन नीट एका सुरात चालत होतं, दार वाजत नव्हतं, पिशवी गप्प होती. त्याला पाहिजे होती तशी गाडी झाली होती आणि त्यात बसवत नव्हतं. प्रत्येक सांध्यावर तो आवाजाची वाट बघायचा. मग त्यानं ठरवलं. बोलायचं. उद्या मंडपात सगळ्यांसमोर नाही जमणार, पण कोणी विचारलं की सरळ सांगायचं, गाडी माझ्या आजोबांची आहे. एवढंच वाक्य. गाडी माझ्या आजोबांची आहे. त्यात मयत नाही, मढं नाही, कोणाला अपशकुन व्हायचं कारण नाही. तो ते वाक्य मनात घोळवत राहिला, बाबांच्या भाषेत, मग आबाजींच्या भाषेत, गाडी माह्या आबाजीची हाय. दुसरं जास्त बरं वाटत होतं. अमरावती येईपर्यंत त्याला जवळजवळ हलकं वाटायला लागलं होतं, जसं काही बोलून झालंच होतं. दारात आईनं गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, दामिनीनं हौद्यात चढून मैत्रिणींना व्हिडिओ कॉल केला. कोणी काही विचारलं नाही. त्याचं वाक्य त्याच्यापाशीच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयाच्या फाटकाबाहेर डेकोरेशनवाल्या मनोजनं हौद्यात झेंडूच्या माळा सोडल्या, मधोमध लाल मखमलीची उंच पाठीची खुर्ची ठेवली, आणि दामिनी तीत जाऊन बसली. शालू, मुंडावळ्या, हातात नारळ. बँड तयार होता. अंकुरनं गाडी हातभर पुढं घेतली असेल-नसेल, तोच मागून दामिनी ओरडली. पॉलिश केलेल्या फळ्यांवर खुर्ची सरकन मागं गेली होती आणि फाळक्याला धडकली होती. मनोज खुर्ची धरून इकडेतिकडे बघू लागला. “भाऊ, बांधाले एखादी कडी-बिडी नाई का हौद्यात?” त्यानं विचारलं. अंकुर खाली उतरला होता. तो नाही म्हणाला. दोर बाहेरून फिरवावा तर रंग खरवडणार आणि व्हिडिओत दोर दिसणार. बाबा घड्याळ बघत होते, मुहूर्त जवळ येत होता, बँडवाले वाजवू की नको अशा तोंडानं उभे होते. तेवढ्यात आबाजींनी चपला काढल्या, चाकावर पाय दिला आणि हौद्यात चढले. खुर्चीच्या मागं, माळांच्या आड, फळ्यांवर बैठक मारून बसले आणि खुर्चीचे मागचे दोन पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले. आबा, तुम्ही कशाला, नवं धोतर आहे, असं काहीतरी बाबा म्हणाले. पण ते पुन्हा घड्याळाकडे बघत होते आणि मनोज माळा सारख्या करून म्हातारा झाकून घेत होता.

अंकुर गाडीत बसला. मागून मनोजनं फाळका पुन्हा ओढून पक्का केल्याचा आवाज आला. मग फाळक्यावर दोन थापा. आतून मारलेल्या, तळहाताच्या, सावकाश. त्यानं गिअर टाकला नाही. पुढचे शब्द येतात का म्हणून तो कान देऊन होता, पण आबाजी काही म्हणाले नाहीत. लग्नाच्या दिवशी ते शब्द कसे म्हणतील. मग बँड सुरू झाला, आणि अंकुरनं क्लच दोनदा दाबून गाडी इतकी हळू काढली की पुढं नाचणारी पोरं मागं वळून, अरे ये ना, म्हणायला लागली. हॉर्न वाजव, हॉर्न वाजव, कोणीतरी ओरडलं. मुद्दाम बसवून घेतलेला हॉर्न होता, चांगला सुरात वाजणारा. त्यानं तो वाजवला नाही. तेवढंच त्याच्या हातात होतं. आरशात दामिनी दिसत होती, हसत होती, दोन्ही बाजूंना बघून हात हलवत होती, आणि झेंडूच्या खाली, खुर्चीच्या पायाला आवळलेला एक जुना, शिरांचा हात. सगळ्यांचे मोबाइल वर होते. हात कोणी टिपत नव्हतं.

मंडपाच्या दारात दामिनी उतरली, आणि सगळी गर्दी तिच्याबरोबर आत गेली. गाडीपाशी फक्त नवऱ्या मुलाची आई, मायाताई, दोन बायकांना घेऊन मागं राहिल्या, त्यांना गाडीबरोबर फोटो काढायचा होता. अंकुर मागं आला. फाळका खाली केला. आबाजी अजून तसेच बसले होते, टोपीवर पाकळ्या पडलेल्या.

“अय्या, आजोबा इथं होते होय?” मायाताई हसल्या. “आजोबा, गाडी फार सुंदर आहे हं. कोणाची हो?”

बोलायची वेळ आली होती. वाक्य तोंडातच होतं, कालपासून घोळवलेलं, दोन्ही भाषांत. अंकुरनं श्वास घेतला. आबाजींनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, आठवण करून द्यायलाही नाही. सामान नीट लावलंय की नाही हे निघण्याआधी बघून घ्यावं, तसं पाहिलं, आणि मायाताईंकडे वळून हसत म्हणाले, “नागपूरहून इकत घेतली ना. पोराले शौक हाय.”

“हो का रे?” मायाताईंनी अंकुरला विचारलं.

आता खरं सांगायचं म्हणजे या माणसाला पहिल्याच दिवशी व्याह्यांसमोर खोटं पाडायचं. आणि ते खोटं तर आबाजींचं नव्हतंच, अंकुरचं होतं. बायका वाट बघत होत्या, एकीनं मोबाइल धरलाच होता.

“हो,” तो म्हणाला.

फोटो झाला. बायका आत गेल्या. आत मंगलाष्टकं सुरू झाली, कोणीतरी त्याला नावानं हाक मारली. तो हौद्यात चढला आणि आबाजींपुढं उकिडवा बसला. त्यांचे हात अजून खुर्चीच्या पायांवर होते. सोडायला बघत होते, पण बोटं उघडत नव्हती, इतका वेळ आवळून आखडली होती. अंकुरनं त्यांचं एकेक बोट आपल्या बोटांनी सोडवलं. तळव्यांवर खुर्चीच्या कोरीव पायाची नक्षी उठली होती. तो ती अंगठ्यानं चोळत राहिला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळत नव्हतं, आणि वर बघायची हिंमत नव्हती.

“खुर्ची हालली तं नाई ना?” आबाजींनी विचारलं.

“नाई, आबाजी,” अंकुर म्हणाला. दोन दिवसांत तो जे जे बोलला त्यातलं तेवढं एक खरं होतं.